चिनी दुकानातली बायकांची टॉनिकं (दांगग्वे, बा-चन, बाक फूंग): कोणी घेतली आहेत का?

चाफेकळी (सिंगापूर)

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधलं पण या विषयावर काही सापडलं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय. आधीच असेल तर लिंक द्या, हा उडवून टाकू.

आम्ही इथे एचडीबीत (सरकारी गृहसंकुलात) राहतो. शेजारच्या आंटी मूळच्या पेनांगच्या, सत्तरी ओलांडलेल्या, माझ्यावर फार जीव. गेले काही महिने माझी पाळी जास्त जाते, दोन जिने चढले की धाप लागते, चेहरा ओढलेला दिसतो. परवा आंटींनी मला जीभ बाहेर काढायला लावली, खालची पापणी ओढून बघितली आणि "ब्लड नॉट इनफ लाह" असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी मेडिकल हॉलमधून (चिनी औषधांच्या दुकानाला इथे असंच म्हणतात) एक पुडकं माझ्या हातात. आत आठ प्रकारची मुळं, खोडं, चकत्या. लाल खजूर आणि गोजी बेरी वेगळ्या कागदात. पाळी संपल्यावर काळ्या कोंबडीबरोबर दोन-तीन तास मंद आचेवर शिजवून प्यायचं. मी अंडंसुद्धा खात नाही हे त्यांना ठाऊक आहे. "मग नुसत्या पाण्यात कर, पण ताकद अर्धीच" म्हणाल्या.

तर हे घ्यावं का? आणि दुसरं म्हणजे, ठाण्याच्या मोठ्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर पुडकं दाखवलं, तर ती हात धुऊन मागे लागली आहे. "मलाही बाटल्या पाठव, मेनोपॉजला चांगलं असतं." तिचं हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय, रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची आहे. मला उगाच धाकधूक वाटतेय.

आंटींना न दुखवता नाही कसं म्हणायचं हाही प्रश्न आहेच, पण त्याला बहुतेक वेगळा धागा लागेल.

निशिगंधा (सिंगापूर)

आठ प्रकार म्हणजे बा-चन. इथे सगळ्यात जास्त खपणारं पुडकं हेच. त्यात चार औषधं 'रक्ताची' आणि चार 'ची'ची, म्हणजे ढोबळमानाने शक्तीची. रक्ताची चार म्हणजे दांगग्वे, छ्वानश्योंग, बाय-शाओ (पांढऱ्या पिओनीच्या फुलझाडाचं मूळ) आणि शू-दी. फक्त या चारांचा काढा म्हणजे स्सवू थांग. तैवानमध्ये मुलगी वयात आली की आई तिला पाळी संपल्यावर हा काढा करून द्यायला लागते, आणि तो तयार बाटलीतही मिळतो. गंमत म्हणजे त्याची जुनी नोंद तांग काळातल्या हाडं मोडण्या-सांधण्याच्या ग्रंथात आहे, मार लागून रक्त साकळलं तर द्यायचा काढा म्हणून. बायकांचं औषध म्हणून तो रुळला पुढे सोंग राजवटीत, तिथल्या सरकारी औषधशाळेच्या संहितेतून.

ताटात पुडकं पसर आणि बघ. फिक्कट लोणीरंगाच्या, कडेला तपकिरी झाक असलेल्या चपट्या चकत्या म्हणजे दांगग्वे. नाकाशी धर, सेलरीसारखा तिखट-गोड वास येतो, कारण ते मूळ ओवा, बडीशेप, कोथिंबिरीच्याच कुळातलं. गान्सू प्रांतातल्या मिन परगण्याचं दांगग्वे सगळ्यात नावाजलेलं. काळा, चिकट, बोटाला लागला की न सुटणारा गोळा म्हणजे शू-दी. ते मूळ दारू लावून पुन्हा पुन्हा वाफवून वाळवतात, तेव्हा कुठे असं काळं होतं. पचायला जड. पोट नाजूक असेल तर फुगतं किंवा ढाळ लागतात. पांढरट चौकोनी तुकडे फूलिंगचे, ती पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी. ज्येष्ठमध ओळखशीलच. जिनसेंग महाग म्हणून त्याऐवजी बहुतेक पुडक्यांत दांगशन नावाचं स्वस्त मूळ असतं.

आता मुद्द्याचं. हे लोक टॉनिक कधीही, कसंही घेत नाहीत. पाळी चालू असताना नाही. सर्दी-ताप असताना तर अजिबात नाही. त्याला ते 'दार लावून चोर घरात कोंडणं' म्हणतात. अंगात उष्णता असली, तोंड आलं, मुरमं आली की बंद. आणि खरा चिनी वैद्य, म्हणजे इथला सिन्से, नाडी आणि जीभ बघून कित्येकदा टॉनिक देतच नाही. आधी पचन सुधारा म्हणतो. आंटी-मंडळी मात्र सगळ्यांना एकच पुडकं वाटतात. तुला घ्यायचंच असेल तर आंटींचं ऐकून नको, नोंदणीकृत सिन्सेकडे जा. इथे २००० च्या कायद्यापासून त्यांना नोंदणी सक्तीची आहे. थोंग चाय ही १८६७ पासूनची संस्था जातधर्म न बघता फुकट तपासते, आपल्यासारखे लोकही रांगेत दिसतात.

पुणेरी_मिसळ

वाचतेय. बाकी ते 'लाल खजूर' खजूर नाहीत गं, बोरं आहेत. आपल्या बोराच्याच वंशातलं झाड, जात वेगळी. एकदा चावून बघ, आत बोरासारखीच टोकदार आठोळी निघेल.

डॉक्टर_माई

मी पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. चाफेकळी, आधी बहिणीचं बोलते, कारण ते तातडीचं आहे.

बाटल्या पाठवू नकोस. झडप धातूची असेल तर ती वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमवर (दोन्ही रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या) असणार आणि तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) ठरलेल्या मर्यादेत ठेवायची कसरत आयुष्यभराची असते. दांगग्वे आणि वॉरफरिन एकत्र घेतल्याची एक केस १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. बाई ४६ वर्षांच्या, आयएनआर दोनच्या आसपास नीट चालला होता. दांगग्वेच्या गोळ्या सुरू केल्या आणि काही आठवड्यांत तो पाचाच्या घरात गेला. वॉरफरिनचा डोस बदललेला नव्हता. गोळ्या थांबवल्यावर आयएनआर खाली आला. त्यात बा-चनमध्ये खरं जिनसेंग असेल तर गंमत आणखी उलटी, कारण जिनसेंगने वॉरफरिनचा परिणाम कमी झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे एकाच वाटीतली दोन औषधं दोन दिशांना ओढणार. आयएनआर वर गेला तर मेंदूत रक्तस्राव, खाली गेला तर झडपेवर गुठळी. यात 'थोडंसं घेऊन बघू' असं काही नसतं.

शिवाय ज्या कारणासाठी ती मागतेय, तिथे पुरावाही नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत ७१ बायकांना २४ आठवडे एकतर दांगग्वे दिलं किंवा त्याच्यासारखी दिसणारी निकामी कॅप्सूल. मेनोपॉजच्या गरम वाफांमध्ये दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

आता तुझं. आंटींचं निदान कदाचित बरोबर असेल! खालची पापणी पांढरट दिसणं आम्हीही बघतोच. पण पुढची पायरी काढा नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि सोनोग्राफी कर. पाळी अचानक जास्त जायला लागली तर गर्भाशयात फायब्रॉइड (गाठ) आहे का, अस्तर जाड झालंय का, हे बघायलाच हवं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, तेव्हा तू काही जगावेगळी नाहीस. पण त्या पुडक्यात तुझी तूट भरून काढेल एवढं लोह नाही. गळती वरून चालूच राहील आणि काढ्यामुळे 'काहीतरी करतोय' या समाधानात सहा महिने जातील. माझ्याकडे ५ हिमोग्लोबिन घेऊन येणाऱ्या बायका अशाच समाधानात असतात. कधी बिटाच्या रसाच्या, कधी खजुराच्या.

आणि दांगग्वेने रक्तस्राव वाढू शकतो, हे आधीच जास्त जाणाऱ्या पाळीत कशाला?

रिकामटेकडा

माईंशी सहमत. मी एक पाऊल पुढे जातो: हे सगळंच बंद करा.

ज्यांना 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' असं वाटतं त्यांच्यासाठी ब्रुसेल्सची गोष्ट. १९९० च्या सुरुवातीला तिथल्या एका वजन घटवायच्या दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पती घातलेल्या गोळ्या देत. थोड्याच काळात धडधाकट, मध्यमवयीन बायकांच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या. शोध घेतल्यावर कळलं की फांग-जी नावाच्या मुळाच्या जागी नावाने जवळचं दुसरंच मूळ, अरिस्टोलोकियाचं, गोळ्यांत गेलं होतं. शंभराहून जास्त बायका बाधित झाल्या. कित्येकींना डायलिसिस, प्रत्यारोपण. पुढे त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचे कॅन्सर निघाले. ते ॲरिस्टोलोकिक आम्ल आज कॅन्सरकारक म्हणून पहिल्या, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या, गटात आहे. तैवानने २००३ मध्ये अशा वनस्पतींवर बंदी आणली, तोवर पिढ्यान्पिढ्या लोक घेत होते. 'हजारो वर्षांची परंपरा' वगैरे ऐकलं की मला हे आठवतं. किडनी हळूहळू जाते हो, परंपरेला पत्ता लागत नाही.

कोपऱ्यातले_वैद्य

रिकामटेकडा, माहिती बरोबर, निष्कर्ष आततायी. बा-चनमध्ये अरिस्टोलोकिया नसतं. तुम्ही सांगितलेला प्रकार चुकीचं मूळ पडल्याचा, वर ते वजन घटवायला वापरल्याचा. पण एक भर घालतो, म्हणजे आपल्याकडच्यांनी नाकं मुरडायला नकोत: आपली ईश्वरी, सर्पविषावर म्हणून गावोगाव उगाळली जायची ती, अरिस्टोलोकियाच आहे. तेच आम्ल त्यातही. मी माझ्या रुग्णांना ती वर्ज्य सांगतो.

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे, पण चिनी पद्धत अभ्यासली नाही, त्यामुळे बेतानेच बोलतो. दोन्हीकडचा विचार लांबून ओळखीचा वाटतो. बाळंतिणीला वाऱ्यापासून जपा, गार पाणी देऊ नका, उष्ण-स्निग्ध खायला घाला. त्यांच्याकडे तिळाच्या तेलातली आल्याची कोंबडी, आपल्याकडे डिंक-आळीव, खसखशीची खीर, शेक-शेगडी आणि बाळंतकाढा. आपली शतावरी ज्या वंशातली, त्याच वंशातलं एक मूळ त्यांच्याकडेही 'थंड आणि ओलावा देणारं' म्हणून वापरतात. जाती वेगळ्या, पण दोन डोंगरांच्या दोन बाजूंना लोकांनी जवळपास सारखंच काही हेरलेलं.

पण म्हणून अदलाबदल होत नाही. चाफेकळीताई, तुम्ही शतावरी कल्प घेत असाल, वर लोहाची गोळी, वर हे आठ मुळांचं पाणी, तर उद्या अंगावर पुरळ आलं तर कशाने, हे मी काय, कोणीच सांगू शकणार नाही. एका वेळी एक वैद्य. चिनी की देशी की ॲलोपॅथ, तो तुमचा प्रश्न.

आणि माईंना एक नम्र विनंती: त्या ७१ बायकांच्या प्रयोगात दांगग्वे एकटं दिलं होतं. चिनी वैद्य ते एकटं सहसा देतच नाहीत, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता.

डॉक्टर_माई

वैद्यराज, आक्षेप मान्य. पण मग एकत्रित काढ्यांचे चांगले प्रयोग दाखवणं हे दावा करणाऱ्यांचं काम. पाळीच्या दुखण्यावर चिनी औषधांचे बरेच प्रयोग एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय प्रयोग तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष 'आशादायक, पण प्रयोगांचा दर्जा कमकुवत' असा होता. मी 'उपयोग नाही' म्हणत नाही. रक्तस्राव होणाऱ्या बाईला तपासणीआधी नको, एवढंच म्हणतेय.

रिकामटेकडा

दोघं इतके समंजस झालात तर धागा चालायचा कसा? :)

मृण्मयी_क

माझं बाळंतपण सिंगापुरात झालं, नवरा चिनी वंशाचा सिंगापूरकर. त्यामुळे या टॉनिकांच्या अगदी मधोमध राहून आलेय, लिहिते.

आपला सव्वा महिना, यांचे २८ दिवस. त्यासाठी कन्फाइनमेंट नॅनी (बाळ-बाळंतिणीचं करणारी बाई) घरी राहायला येते, बहुतेक मलेशियातून. माझ्या सासूबाईंनी सहा महिने आधीच ठरवून ठेवली होती. साधं पाणी बंद! त्याऐवजी लाल बोरं, लाँगन (लिचीसारखं फळ) आणि दांगशनचं गोडसर पाणी थर्मासमधून दिवसभर. डुकराच्या पायाचं आलं-काळं व्हिनेगर घातलेलं कालवण, माशाचं पपईतलं सूप, आणि बहुतेक सगळ्यात तांदळाची दारू. डोक्यावरून अंघोळ नाही. माझ्या आईनेही हेच सांगितलं असतं, फक्त दारू आणि डुक्कर सोडून. आई नाशिकहून आली तेव्हा दोन्ही बायका एकमेकींची भाषा न समजता 'वारा लागेल, खिडकी लाव' यावर एकमत होऊन बसायच्या.

आता काढ्याचं. बाळंतपणानंतर देतात ते शंग-ह्वा थांग. दांगग्वे, छ्वानश्योंग, पीचच्या बियांचा गर, भाजलेलं आलं, ज्येष्ठमध. सतराव्या शतकातल्या फू छिंगजू या वैद्याच्या नावावर आहे. गर्भाशय आकसायला, उरलेलं रक्त पडून जायला म्हणून. नॅनीने पहिल्याच दिवशी पातेलं चढवलं होतं. मी इस्पितळातून मिळालेल्या गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवून विचारलं. त्यात गर्भाशय आकुंचन पावायची गोळी होती. डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही एका वेळी नको, गोळ्या संपू दे, स्राव बघू, मग ठरवू. त्या स्वतः चिनीच होत्या आणि स्वतःच्या बाळंतपणात त्यांनी हा काढा घेतला होता, गोळ्या संपल्यावर. नॅनी रुसली, पण ऐकलं.

दुसरी गोष्ट इथल्या कोणीच लिहिली नाही. बाळाच्या नाळेच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) तपासणी सिंगापुरात सगळ्या बाळांची होते. माझ्या मुलात ते विकर कमी निघालं. अशा बाळांना काही गोष्टींनी रक्तपेशी फुटून कावीळ भडकते. इस्पितळाने यादी दिली: डांबरगोळ्या घरात नकोत, अमुक औषधं नकोत, आणि ठळक अक्षरात, चिनी औषधं विचारल्याशिवाय नकोत, आईलाही नकोत कारण दूध पाजते आहे. ह्वांगल्यान नावाचं एक कडू मूळ पूर्वी इथे तान्ह्या बाळांना 'पोट साफ व्हायला' म्हणून द्यायचे. १९७८ मध्ये सरकारने त्यावर बंदीच घातली होती, ती २०१३ मध्ये उठली. बंदी उठली तरी या बाळांसाठी ते आजही वर्ज्यच. नॅनीच्या पिशवीत होतं ते. तिने काही वाईट हेतूने आणलं नव्हतं, तिच्या आजीनेही तेच केलं होतं.

तेव्हा कन्फाइनमेंटचं पॅकेज घेणाऱ्यांनो, तयार डबे-काढे मागवताना यादी मागा. 'पारंपरिक बारा औषधी' असं लिहिलेलं चालवून घेऊ नका. आणि दूध पाजत असाल तर त्या दारूचंही बघा. उकळून सगळी उडत नाही.

चाफेकळी (सिंगापूर)

बाप रे, मृण्मयी, हे फार कामाचं लिहिलंस. माई, बहिणीला रात्रीच फोन केला. तुमचं उत्तर वाचून दाखवलं. "म्हणजे मी काहीच घ्यायचं नाही का" म्हणून फुरंगटली आहे, पण बाटल्या रद्द.

तोक्योची_सून

मृण्मयी +१. जपानची बाजू मांडते, कारण इथे हा प्रकार वेगळ्याच थाटात चालतो.

निशिकासाईतल्या माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी, रीतसर एमबीबीएस-छाप डॉक्टर हं, सोनोग्राफी आणि रक्त तपासून मग पाळीच्या दुखण्याला आणि पाय थंड पडण्याला तोकी-शाकुयाकु-सान लिहून दिलं. चिनी औषधांचाच जपानी अवतार, काम्पो. मूळ सूत्र हान काळातल्या चांग चोंगचिंगच्या ग्रंथातलं. चांदीच्या कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर नंबर, जेवणाआधी कोमट पाण्याबरोबर. २३ नंबर हे, २४ चिडचिड-मेनोपॉजचं, २५ रक्त साकळल्याचं. बायकांचे त्रास म्हटलं की या तीन नंबरांतच डॉक्टर फिरतात. १९७६ पासून काम्पोची कितीतरी सूत्रं सरकारी आरोग्य विम्यात आहेत, त्यामुळे बिल बाकी गोळ्यांसारखंच तीस टक्के. आणि 'तोकी' हे चिनी दांगग्वे नव्हे, त्याच वंशातली जपानी जात.

मला दुखण्यात फरक पडला. पुड्यांमुळे, कोमट पाण्यामुळे की त्या काळात ऑफिस घरून होतं म्हणून, देव जाणे.

मला पटलं ते हे की औषधाच्या दुकानात माझ्या औषधांच्या नोंदवहीत हेही चिकटवलं जातं. दुसऱ्या डॉक्टरकडे गेले तरी तो वही बघतो. २४ नंबरमध्ये ज्येष्ठमध आहे. ते जास्त झालं तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो, पायाला सूज. तोच पदार्थ खोकल्याच्या काम्पोतही असतो, म्हणून फार्मासिस्ट बेरीज करून बघते. आणि त्यातलं गार्डेनियाचं फळ वर्षानुवर्षं घेतलं तर आतड्याच्या शिरा जाड झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे मैत्रिणीला पाच वर्षांनी डॉक्टरांनीच थांबवायला लावलं. परंपरा तीच, पण कोणीतरी वहीत लिहून ठेवतंय.

कोपऱ्यातले_वैद्य

तोक्योची_सून, ही वही आपल्याकडे यायला हवी. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ बायका 'बाकी औषध काही नाही' म्हणतात आणि पर्समधून थायरॉइडची गोळी निघते.

गाढवांचा_वाली

अवांतर आहे, पण या धाग्यात कोणीच आजियाओचं नाव काढलं नाही म्हणून.

बायकांच्या 'रक्तवर्धक' चिनी टॉनिकांतलं सगळ्यात मोठ्या दिमाखाचं म्हणजे आजियाओ. शानदोंगमधल्या दोंग-अ गावचं प्रसिद्ध. गाढवाचं कातडं उकळून केलेला सरस, तपकिरी पारदर्शक वड्या. पूर्वी दरबारातल्या बायका घ्यायच्या, आता पैसा आल्यावर मध्यमवर्गही घेतो. अक्रोड-तीळ घालून त्याच्या गोड वड्याही करतात. मागणी इतकी की चीनमधली गाढवं पुरेनात, मग आफ्रिकेतून कातडी जायला लागली. तिथे गाढव म्हणजे बाईच्या डोक्यावरचं पाणी वाहणारं जनावर. ते चोरीला जायला लागलं आणि पाणी पुन्हा बाईच्या डोक्यावर आलं. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने कातड्यासाठी गाढवं मारण्यावर खंडभर बंदी ठरवली.

आपल्याकडे २०१२ च्या पशुगणनेत गाढवं तीन लाखांच्या वर होती, २०१९ मध्ये एक लाख वीस हजार. वीटभट्ट्यांवर ट्रॅक्टर आले हे मोठं कारण, सगळं खापर चीनवर फोडता येणार नाही. पण जेजुरीला पौष पौर्णिमेचा गाढवांचा बाजार बघितलेल्यांना फरक जाणवतो.

रक्त वाढवायला जनावराच्या कातडीचा सरस. प्रथिनं मिळत असतील, नाही कोण म्हणतंय.

पुणेरी_मिसळ

हे माहीत नव्हतं. चाफेकळी, पुडक्यात तपकिरी वडी नाही ना बघ, तू शाकाहारी ना.

चाफेकळी (सिंगापूर)

नाही गं, बघितलं. सगळी मुळंच आहेत. पण बाक फूंग गोळ्यांच्या डबीवरचं लेकीकडून वाचून घेतलं (ती शाळेत मँडरिन शिकते), तर कोंबडी निघाली! दुकानात मला 'हर्बल' म्हणून दाखवली होती.

निशिगंधा (सिंगापूर)

बाक फूंगचं नावच त्या कोंबडीवरून. पिसं पांढरी, कातडी आणि हाडं काळी. आपल्या झाबुआच्या कडकनाथसारखंच काळं मांस, जात वेगळी. शाकाहारी लोकांनी चिनी गोळ्यांवरची यादी वाचून घेतल्याशिवाय काहीही तोंडात टाकू नये. शिंपला, सरस, हरणाचं शिंग, काहीही असू शकतं. आणि ऑनलाइन तर मुळीच घेऊ नका. इथला आरोग्य विभाग अधूनमधून यादी काढतो, त्यात 'शंभर टक्के वनस्पती' म्हणवणाऱ्या मालात स्टेरॉइड आणि वजन घटवायची बंदी घातलेली औषधं सापडलेली असतात.

संध्याछाया

गेली बरीच वर्षं फक्त वाचते, आज लिहिते. मला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय. उपचारांनंतर मेनोपॉज लवकर आला, वाफा इतक्या की रात्री तीनदा कपडे बदलायचे. हाँगकाँगहून भाचीने दांगग्वेच्या कॅप्सूल आणल्या. माझ्या कॅन्सरतज्ज्ञांनी डबी ठेवून घेतली. प्रयोगशाळेत त्याने स्तनाच्या कॅन्सरपेशी वाढल्याचं दिसलंय, माणसात काय होतं ते पक्कं नाही, पण तुमच्यावर प्रयोग नको, असं म्हणाले. वाफांवर त्यांनी संप्रेरक नसलेली गोळी दिली, ती लागू पडली. ज्यांना माझ्यासारखा इतिहास आहे त्यांनी विचारूनच घ्या.

डॉक्टर_माई

संध्याछाया, लिहिलंत हे फार बरं केलंत. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल त्यांनीही हे स्वतःहून घेऊ नये. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञाला काढ्यांबद्दलही सांगायचं, न विचारता सांगायचं. आम्ही 'कुठली औषधं चालू आहेत' विचारतो, बायका 'काही नाही' म्हणतात, कारण काढा त्यांच्या लेखी औषध नसतो.

चाफेकळी (सिंगापूर)

धागा वर काढतेय. तपासण्या झाल्या. फेरिटिन तळाला, हिमोग्लोबिन ८.६, आणि सोनोग्राफीत फायब्रॉइड. माई, तुम्ही म्हणालात तसंच. लोहाच्या गोळ्या सुरू, पाळी कमी करायलाही औषध दिलंय, तीन महिन्यांनी पुन्हा बघणार.

आंटींना रिपोर्ट दाखवला. "सी, आय टोल्ड यू, ब्लड नॉट इनफ" म्हणून खूश झाल्या, विजय त्यांचाच. मग फायब्रॉइडचं सांगितलं तर स्वतःच म्हणाल्या, "तर मग दांगग्वे नको, रक्त फिरवतं ते." म्हणजे त्यांनाही नियम ठाऊक होता. गाठ आहे हे तेवढं माहीत नव्हतं. आता लाल बोरं आणि गोजीचं पाणी देतात, ते मी डॉक्टरांना विचारून पिते, आवडतंय. वैद्यबुवा, शतावरी कल्प तूर्त बंद ठेवलाय.

पुडकं तसंच आहे. टाकवत नाही. निशिगंधा, उपचार संपले आणि पुढे कधी सिन्सेकडे गेलेच, तर टिकेल का ते?

निशिगंधा (सिंगापूर)

बाहेर ठेवलंस तर नाही. दांगग्वे तेलकट असतं, इथल्या दमट हवेत बुरशी तरी धरते नाहीतर कीड लागते. हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव. पण सिन्सेकडे जाशील तेव्हा तो तुझं नवीन पुडकं बांधेल, आंटींचं नाही वापरायचा. त्यातली बोरं तेवढी काढून घे, ती पाण्यात चालतील.